माहितीपत्रकातलं गाव: जावाच्या खेड्याची दोनशे वर्षं

आजच्या विषयाला एक निमित्त घडलं, ते आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, पुढे शहाणा झाला आणि व्यवसायात गेला. (हशा) गेल्या पावसाळ्यात त्याने मला एक माहितीपत्रक पाठवलं. इंडोनेशियात, मध्य जावात, एक लहानसं शेतकरी गाव आहे. त्या गावाचा परिचय, पर्यटकांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्या गावाने माझं काही बिघडवलेलं नाही. विद्यार्थ्याला तिथे चार-सहा खोल्यांचं कृषिपर्यटन केंद्र काढण्यात पैसे घालायचे होते. मला म्हणाला, ‘‘सर, यात संस्कृतसारखे बरेच शब्द आहेत, तेवढे नजरेखालून घाला.’’

मी ते पत्रक तीन-चारदा वाचलं. मुखपृष्ठावर एक बाई भाताच्या खाचरात उभी आहे, हातात लोंब्यांची जुडी, मागे ज्वालामुखी. आत गावाची हद्द, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाऊस, लोकसंख्या, ओलिताची जमीन किती हेक्टर, कोरडवाहू किती, शेतकरी किती, शाळा किती. मग ‘सामुदायिक सहकार्याची प्राचीन परंपरा’. आणि शेवटी, जागा उपलब्ध, मनुष्यबळ उपलब्ध.

आता शब्दांचं. गावाला तिकडे ‘देसा’ म्हणतात; तो आपला ‘देश’च. सुहार्तो यांच्या राजवटीत गावांच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या: स्वदया, स्वकार्या, स्वसंबादा. मागास गाव, मधलं गाव आणि स्वयंपूर्ण गाव. यातली ‘दया’ म्हणजे कृपा नव्हे बरं का, तिकडे त्या शब्दाचा अर्थ शक्ती असा आहे. पण मला अडवलं ते एका डच वळणाच्या शब्दाने. ‘पोतेन्सी’. म्हणजे गावाच्या अंगी असलेली शक्यता. हा शब्द पत्रक लिहिणाऱ्याच्या पदरचा नाही. इंडोनेशियाच्या गृहमंत्रालयाचा 2007चा एक नियम आहे, त्यानुसार प्रत्येक गावाने आपला ‘प्रोफिल देसा’ तयार ठेवायचा, आणि त्यात गावाची ‘पोतेन्सी’ भरायची. सरकारी सांख्यिकी खातं गावोगाव जी मोजणी करतं, तिचं नावही ‘पोतेन्सी देसा’ असंच आहे.

ॲरिस्टॉटलने शक्यता आणि प्रत्यक्ष यांत फरक केला, हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. बी म्हणजे शक्यतेतलं झाड. ठीक. पण बीमधली शक्यता बीची स्वतःची असते. गावाच्या बाबतीत मला प्रश्न पडला की ही शक्यता कोणाच्या डोळ्यांना दिसते? गावाचं वर्णन लिहायला बसलेला माणूस त्या वर्णनाचा वाचक म्हणून कोणाला धरतो? आणि तिथून मी इतिहासात शिरलो. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इतिहासात शिरणं हा आगाऊपणाच आहे, पण आता वय झालं, कोण काय म्हणणार!

सुरुवात 1811पासून करू. त्या वर्षी इंग्रजांनी जावा जिंकलं. हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो स्वतः मोहिमेबरोबर गेला होता, फौजेत हिंदी शिपाई होते. पाच वर्षं, 1816पर्यंत, टॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्स तिथला लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याच्याबरोबर जमिनीची चौकशी करायला कोण होतं? कर्नल कॉलिन मॅकेन्झी. दक्षिण हिंदुस्थानातली हस्तलिखितं गोळा करणारा, पुढे भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला, तोच मॅकेन्झी. म्हणजे जावाचं खेडं मोजणारा डोळा आपल्याकडे तयार झालेला होता.

रॅफल्सला जमीनसारा हवा होता. त्याआधी जावात सत्तेचं गणित माणसांवर चालायचं. अमुक सरदाराच्या पदरी इतकी कुटुंबं, ती त्याला धान्य देणार, वेठ करणार. सरदार बदलला की माणसांची बांधिलकी बदलायची. रॅफल्सने मधले सरदार बाजूला सारून थेट गावाशी बोलायचं ठरवलं. त्यासाठी गाव ही ठाम हद्द असलेली, एक मुखिया असलेली वस्तू हवी. नसेल तिथे ती करावी लागली. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ. 1960च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या शेतमजुरांमध्ये त्यांनी काम केलं, म्हणून आपल्या अभ्यासकांना ते ठाऊक आहेत. त्यांचं जावावरचं म्हणणं असं की, ज्याला आपण सनातन, स्वयंपूर्ण, बंदिस्त जावानी खेडं म्हणतो, त्याचा मोठा भाग वसाहतीच्या सरकारने घडवला. मला हे थोडं टोकाचं वाटतं. लोक एकत्र राहत होते, पाणी वाटून घेत होते, देवाला नैवेद्य दाखवत होते. हे काही रॅफल्सने शिकवलं नाही. पण गावाची कडा कागदावर आखली गेली ती साऱ्यासाठी, एवढं मी मान्य करतो.

पुढे डच परत आले, आणि 1830मध्ये फान डेन बॉशने जी पद्धत लागू केली तिला ‘सक्तीची लागवड’ म्हणतात. नियम सांगायला साधा: गावाने जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारला हव्या त्या पिकाखाली आणायचा. ऊस, नीळ. डोंगरात कॉफी. प्रत्यक्षात हिस्सा अनेक ठिकाणी वाढला, आणि माणसांची वेठ तर त्याहून वाढली. पीक जास्त आलं की गावच्या मुखियापासून गोऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना टक्केवारी. 1840च्या दशकात चेरिबॉन, डेमाक, ग्रोबोगान या भागांत दुष्काळ पडले, माणसं मेली, गावं ओस पडली. त्याच वर्षांत हॉलंडच्या तिजोरीत जावातून पैसा जात होता, आणि त्यातून तिकडे रेल्वे बांधल्या गेल्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. वेठ कोणावर? ज्याच्याकडे जमीन त्याच्यावर. मग गावाने काय केलं? अनेक ठिकाणी जमीन सामायिक करून जास्त घरांत वाटली, म्हणजे वेठीला जास्त हात मिळाले. नंतरच्या काळात बाहेरून आलेल्यांना दिसलं की अहाहा, काय समता आहे! सगळ्यांकडे थोडी थोडी जमीन! ती समता काही प्रमाणात वेठबिगारीच्या वाटपातून आली होती.

म्हणून पत्रकातल्या त्या ‘सामुदायिक सहकार्याच्या प्राचीन परंपरे’पाशी मी थबकलो. तिकडचा शब्द आहे ‘गोतोंग रोयोंग’. मिळून ओझं उचलणं. 1 जून 1945च्या भाषणात सुकार्नो यांनी राष्ट्राची पाच तत्त्वं सांगितली, आणि म्हणाले, पाचांची तीन करा, तिनाचं एक करा, तर ते एक म्हणजे गोतोंग रोयोंग. भाषण फार मोठं होतं यात शंका नाही. पण शेजाऱ्याचं घर उभारताना सगळ्यांनी हात लावणं, त्याला जावात ‘साम्बातान’ म्हणतात, ही एक गोष्ट. आणि सरकारने रस्ता बांधायला बोलावलं म्हणून फुकट राबणं ही दुसरी. सुहार्तोंच्या काळात दोन्हींना एकच नाव मिळालं. पत्रकातल्या ‘मनुष्यबळ उपलब्ध’ या ओळीच्या शेजारी तो शब्द छापलेला पाहून मला बरं वाटलं नाही.

आता मुखपृष्ठावरच्या बाईकडे येतो. तिच्या मुठीत काय आहे ते छायाचित्रात दिसत नाही, आणि दिसू नये अशीच ती वस्तू आहे. तिला ‘आनी-आनी’ म्हणतात. लाकडाच्या लहान तुकड्यात बसवलेलं पातं, तळहातात लपणारं. भाताची देवी म्हणजे देवी श्री. तिने पातं पाहून घाबरू नये म्हणून एकेक लोंबी हळूच कापायची. आपल्या कोकणातल्या बायका विळ्याने सपासप कापतात, त्यांना हे खेळणं वाटेल. पण या खेळण्यावर गावाचं एक मोठं अर्थशास्त्र उभं होतं. कापणीला कोणीही बाई यावी, शेतमालकाने नाही म्हणू नये, आणि जेवढं कापेल त्याचा ठराविक वाटा तिने घरी न्यावा. त्या वाट्याला ‘बावोन’ म्हणत. नात्यातलीला जास्त, परकीला कमी, पण रिकाम्या हाती कोणी जात नसे. ज्या घराला गुंठाभर जमीन नाही त्याचं वर्षाचं भात असं यायचं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने 1963मध्ये या वाटून घेतलेल्या गरिबीवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं.

आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते चित्र फाटलं. 1960मध्ये कूळवाट्याचा आणि जमीनवाटपाचा कायदा झाला होता. अंमल होईना, तेव्हा 1964मध्ये डाव्या शेतकरी संघटनांनी स्वतःच जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. क्लातेनसारख्या भागात मोठे संघर्ष झाले. 1965च्या शेवटी आणि 1966मध्ये कत्तल झाली. सुमारे पाच लाख माणसं मारली गेली असं सर्वसाधारणपणे धरतात; जावा आणि बालीतल्या खेड्यांत सर्वात जास्त. त्यानंतर गावात कोणी जमिनीचं नाव काढेना. भूमिहीनांच्या बाजूने बोलणारी संघटनाच उरली नाही, आणि राजकीय पक्षांना खेड्यात शाखा चालवायलाही मनाई झाली.

मग नवं भात आलं. आखूड दांड्याचं, लवकर पिकणारं. ते आनी-आनीने कापणं जड जातं, विळाच लागतो. शेतकऱ्याने उभं पीक मक्तेदाराला उक्तं विकायला सुरुवात केली, याला ‘तेबासान’ म्हणतात. मक्तेदार आपली विळेवाली टोळी घेऊन येणार; बांधावर उभ्या असलेल्या शेजारणीला नाही म्हणायचा संकोच शेतकऱ्याला होता, मक्तेदाराला कशाचा संकोच? त्याच सुमारास भात सडायच्या लहान गिरण्या आल्या, आणि बायकांची कांडपाची मजुरी गेली. 1984मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला, ही खरी, मोठी कमाई आहे, मी ती कमी लेखत नाही. पण मुखपृष्ठावरची ती बाई ज्या हक्काने खाचरात उतरायची, तो हक्क जावात बहुतेक ठिकाणी सत्तरच्या दशकातच संपला. आज ती छायाचित्रासाठी उतरते.

तरी ‘पर्यटन वाईट’ असं मी म्हणत नाही. क्लातेन जिल्ह्यातलंच पोंगोक गाव बघा. तिथे झऱ्याचं एक तळं आहे. 2009मध्ये गावाने स्वतःचा उद्योग स्थापन केला, तळ्यात माणसं पाण्याखाली मोटारसायकलवर बसून फोटो काढून घेतात (हशा), खरंच सांगतोय, आणि तिकिटाचा पैसा गावाच्या उद्योगात येतो. गरीब म्हणून नोंदलेलं ते गाव आज देशभर उदाहरण म्हणून सांगतात. बालीतली जातिलुविहची भातखाचरं 2012पासून ‘सुबाक’ व्यवस्थेचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत आहेत. पाहुणा हिरव्या पायऱ्या पाहून जातो, पण त्या पायऱ्या उभ्या आहेत त्या पाणी कोणाला कधी सोडायचं याच्या शेतकऱ्यांनी केलेल्या नियमांवर.

विद्यार्थ्याला मी काय लिहिलं ते सांगतो. शब्द तपासले, बरोबर आहेत. पण तीन गोष्टी पत्रकात नाहीत, त्या विचार. एक, ‘शेतकरी’ म्हणून जी संख्या दिली आहे त्यात स्वतःची जमीन असलेले किती, आणि अर्धेलीने करणारे किती? तिकडे त्याला ‘मारो’ म्हणतात. अर्धा हेक्टरहून कमी जमिनीची शेतकरी कुटुंबं 2013च्या कृषिगणनेत सुमारे 1 कोटी 42 लाख होती, 2023मध्ये 1 कोटी 68 लाखांच्या वर गेली. दोन, ‘उपलब्ध’ जागा कोणाची? 1960च्या जमीन कायद्याने परक्याला मालकीहक्क मिळत नाही, हे तुझा वकील सांगेल. पण ती जागा ‘बेंगकोक’ असेल, म्हणजे गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली, आपल्या पाटलाच्या इनामासारखी, तर ती आज दुसरंच कोणीतरी खंडाने कसत असेल. तुझ्या खोल्या उभ्या राहिल्या की त्याचं भात गेलं.

आणि तिसरी. 2014चा गावांचा कायदा. सुमारे 75,000 गावांना या कायद्याने थेट केंद्रातून निधी मिळू लागला, त्याची चर्चा खूप होते. त्याचं 54वं कलम मात्र कोणी वाचत नाही. त्यात लिहिलं आहे की गावात येणारी गुंतवणूक हा ग्रामबैठकीत चर्चेला आणायचा विषय आहे. बैठकीला ‘मुशावारा’ म्हणतात, उर्दूतला मशविरा त्याच कुळातला. पत्रकात मुखियाची सही आहे, शिक्का आहे. बैठकीचा उल्लेख नाही.

विद्यार्थी जरा खट्टू झाला. म्हणाला, ‘‘सर, असा परिचय कोण लिहितं? त्यात कोणी कर्ज लिहितं का?’’ मी म्हटलं, लिहिलंय. पुण्याजवळच्या लोणीकंदवर डॉ. टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने निबंध लिहिला, तो 1823मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापला. घरं, बैल, अवजारं, जेवणखाण, सगळं आहे, आणि बहुतेक शेतकरी कर्जात आहेत हेही आहे. घुर्ये सव्वाशे वर्षांनी त्याच गावात पुन्हा गेले, ते त्या निबंधाच्या भरवशावर. कोट्सही राज्यकर्त्यांचाच माणूस. पण त्याने गावाची शक्यता लिहिली नाही, गाव लिहिलं.

त्याने मुखियाला पत्र पाठवलं, बैठक झाली आहे का म्हणून. महिनाभराने उत्तर आलं, फार सभ्य भाषेत: झालेली नाही, कापणी आटोपल्यावर ठेवू, आपण यावं. तो जायचं म्हणतोय. मी त्याला एवढंच सांगितलं आहे की बैठकीत मागच्या रांगेत कोण बसलंय ते बघून ये.

आता वेळ झाली आहे. कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.