तेल, तूप आणि धुपाटणं

मराठी माणसाचा तेलाशी संबंध जन्मापासून येतो. टाळूवर खोबरेल, अंगाला तिळाचं, दिवाळीला सुवासिक आणि रविवारी सकाळी, नाक दाबून, एरंडेल. हे शेवटचं तेल घशाखाली उतरवताना आमच्या पिढीतल्या एकाही पोराला कोणी सांगितलं नाही, की बाळा, तू एकटाच हे पीत नाहीस. पहिल्या महायुद्धातली विमानंसुद्धा हेच पीत होती. सांगितलं असतं तर निदान छाती पुढे काढून प्यालो असतो.

गोष्ट मात्र खरी आहे. त्या काळातल्या पुष्कळ विमानांना 'रोटरी' इंजिन असे. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं 'नोम' हे त्यांतलं नावाजलेलं. यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्याचं वंगण पेट्रोलात विरघळून पातळ होता कामा नये, ही अट. ती एरंडेल पुरी करी. आपलं काम झालं की हे तेल धुराबरोबर बाहेर पडे आणि वाऱ्यावर स्वार होऊन थेट वैमानिकाच्या तोंडावर येई. थोडं पोटातही जाई. मग व्हायचा तो परिणाम होई, असं सांगतात. शत्रू मागे लागला म्हणून विमान घाईने खाली उतरलं असं जे इतिहासकार लिहितात, त्यांनी दुसरंही कारण तपासून पाहायला हरकत नाही. 'कॅस्ट्रॉल' हे १९०९ सालचं नावसुद्धा 'कॅस्टर'वरूनच, म्हणजे आपल्या एरंडावरूनच आलेलं.

आता तुम्ही म्हणाल, सकाळी सकाळी हे एरंडाचं गुऱ्हाळ कशासाठी? तर तेलाचा हा सगळा इतिहास मी धुंडाळला तो आमच्या घरच्या एका येझदीपायी.

येझदी ही टू-स्ट्रोक गाडी. टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे समजायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. संसार केलेला असला की पुरे. फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे पेन्शनर गृहस्थ. त्याच्या पोटाशी तेलाची ठेव असते, तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं, काळं पडलं की बदलायचं. टू-स्ट्रोक हे हातावर पोट असलेलं इंजिन. सिलिंडरमध्ये जाणारी पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातूनच जाते, त्यामुळे तिथे तेल साठवून ठेवायची सोय नाही. मग पेट्रोलातच तेल कालवायचं. ते जाता जाता बेअरिंगला हात लावतं, पिस्टनला पुसतं आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळून धूर होऊन निघून जातं. रोज आणायचं, रोज खायचं, शिल्लक काही नाही.

पोटातून हवा ढकलायची ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांची, १८९१ च्या सुमाराची. या गृहस्थांनी जगाला तेल जाळणारं इंजिन दिलं आणि पुढे नॉरफोकमध्ये जमिनीखाली तेल शोधण्याच्या नादात स्वतःचे पैसे घालवले. १९४६ साली ते वारले तेव्हा त्यांची आठवण फारशी कुणाला उरली नव्हती. 'तेलही गेलं, तूपही गेलं' ही म्हण इंग्रजीत असती तर त्यांच्याच नावावर जमा झाली असती. धुपाटणं तेवढं ते आपल्या सर्वांच्या हाती ठेवून गेले.

आमच्या येझदीचं घराणं झेकोस्लोव्हाकियाचं. प्राग शहरात फ्रँटिशेक यानेचेक नावाचे शस्त्रं बनवणारे कारखानदार होते. १९२९ साली त्यांनी 'वांडरर' या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा परवाना घेतला आणि 'यानेचेक'मधला 'या' व 'वांडरर'मधला 'वा' जोडून 'यावा' केलं. आपण स्पेलिंग वाचून त्याचं 'जावा' केलं. पहिली गाडी पाचशे सीसीची, फोर-स्ट्रोक आणि महाग. तेवढ्यात जगभर मंदी आली. तेव्हा यानेचेकनी शहाणपणानं हलक्या टू-स्ट्रोककडे मोर्चा वळवला आणि धंदा सावरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अमलाखाली असताना तिथल्या इंजिनीअरांनी लपूनछपून अडीचशे सीसीची नवी गाडी तयार केली, ती १९४६ साली उजेडात आली. राज्यकर्त्यांच्या नाकाखाली धूर काढणं यालाच म्हणतात.

भारतात रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी 'आयडियल जावा' काढली आणि १९६१ साली म्हैसूरच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी तिकडे एर्न्स्ट डेगनर हा पूर्व जर्मनीचा शर्यतपटू एमझेड कंपनीची टू-स्ट्रोकची गुपितं घेऊन पळाला आणि जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला. दुसऱ्याच वर्षी सुझुकी पन्नास सीसीत जगज्जेती! म्हैसूरला असला राजद्रोह झाला नाही. १९७३ पासून जावाची येझदी झाली, एवढाच काय तो फेरफार. गिअरचा दांडा तोच किकचा दांडा, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर आणि गल्लीच्या तोंडाशी ऐकू येणारा आवाज. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले तसे बाकीचे टू-स्ट्रोकही एकेक करून निवृत्त झाले. पेट्रोल पंपावर "ऑईल किती?" असं विचारणारा माणूस गेला, आणि "लिटरला चाळीस" असं ऐटीत सांगणारे आमचे वडीलही गेले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९७४ साली त्यांनी ही येझदी घेतली तेव्हा सांगलीच्या आमच्या गल्लीत ती पहिलीच. अण्णा हिशेबी. दुधाचा, धोब्याचा आणि येझदीचा हिशेब एकाच वहीत असे. १९९८ च्या वहीत एप्रिल महिन्यात नोंद आहे: 'गिअर ऑईल बदलले. १ लिटर. स्वहस्ते.' पुढच्या वर्षी अण्णा गेले. गाडी मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली.

टू-स्ट्रोकला तेल साठवता येत नाही असं मी वर म्हटलं, ते इंजिनापुरतं. गिअरबॉक्सचं बिऱ्हाड वेगळं. येझदीचा क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडून असतात, आणि ते तेल जळत नाही, राहतं. म्हणजे गेली पंचवीसएक वर्षं अण्णांनी स्वहस्ते ओतलेलं ते एक लिटर तिथंच होतं. गेल्या वर्षी गाडी पुन्हा सुरू करायची असं ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली, "काय वाटेल ते बदला, तेवढं तेल बदलू नका."

आमच्याकडे आलेले मिस्त्री सत्तरीचे. त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं. येझदीचा आवाज ऐकून ते मालकाचा स्वभाव सांगत. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं. त्यात कालवलेलं तेल तेवढं मागे राहून डिंकासारखं घट्ट झालं होतं. कार्बोरेटरमध्ये तीच कथा. चाचांनी टाकी धुतली, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी हलक्या हातानं किक फिरवली. पिस्टन कुरकुरला, पण हलला.

"आता खालचा बोल्ट," चाचा म्हणाले.

"चाचा, ते तेल नको म्हणते आई."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. अण्णांचे ते दोस्त. आईकडे बघून म्हणाले, "वैनी, पूर आल्ता तवा पानी कुठवर हुतं?"

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा पडवीत आली होती. गाडीची निम्मी चाकं बुडाली होती. आईनं भिंतीवरची खूण दाखवली.

"मग थोडं काढून दावतो. त्यांचं असलं तर परत घालतो," चाचा म्हणाले.

बोल्ट ढिला झाला आणि खालच्या ताटलीत पडलं ते तेल नव्हतंच. दुधाळ, पिवळट, आमच्या कॉलेजच्या कँटीनमधल्या चहासारखं. तेलात पाणी घुसळलं गेलं की असंच दिसतं.

"वैनी, ह्ये निम्मं दादांचं, निम्मं कृष्णामाईचं," चाचा म्हणाले. "तेल हुतं तवर त्यानं दातं राखली. आता ह्येच बेअरिंगं खातंय. हितनं फुडं ठिवलं तर दादांची गाडी ह्येच मारंल."

आई बराच वेळ ताटलीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सगळं काढा. पण फेकू नका." आणि आत जाऊन तिनं लोणच्याची रिकामी बरणी आणली.

पुढचं काम चार दिवस चाललं. पातळ तेलानं गिअरबॉक्स दोनदा धुतला. क्लचची साखळी वरच्या अंगाला तांबारली होती. दोन बेअरिंगं गेली. क्रँकचे ऑईल सीलही वाळून कडक झाले होते. ते तसेच राहिले असते तर इंजिनानं गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळलं असतं. मागे नुसता धूर आणि आत गिअर कोरडे. तेही बदलले. मग नवं तेल, एक लिटर. अण्णांच्या वहीत त्या नोंदीखाली जागा होती. मी पेन पुढे केलं, तर आई म्हणाली, "चाचांना लिहू दे. स्वहस्ते त्यांनी केलंय." चाचांनी मोडी वाटावी अशा अक्षरांत लिहिलं.

टाकीत ताजं पेट्रोल, लिटरला चाळीस. सातव्या किकेला गाडी लागली. इंजिनात जिथे जिथे तेल दडून बसलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं. पडवी, अंगण, गल्ली, सगळं पांढरं. समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. त्यांना वाटलं, नगरपालिकेची डासांची गाडी आली. आई त्या धुरात पदर नाकाला न लावता उभी होती. पाच मिनिटांनी धूर विरळ झाला आणि तो जुना आवाज तेवढा राहिला.

बरणी खिडकीत ठेवली होती. महिनाभर तिला कोणी हलवलं नाही. हळूहळू पाणी तळाशी बसलं आणि वर चार बोटं काळसर तेल आलं. एका दुपारी आईनं कापसाच्या बोळ्यानं ते वरचं तेल टिपून घेतलं आणि फाटकाच्या दोन्ही बिजागऱ्यांना चोळलं. ते फाटक अण्णा होते तेव्हापासून करकरत होतं.

आता ते अजिबात वाजत नाही. त्यावर आईची तक्रार अशी, की हल्ली घरात कोण आलं, कोण गेलं, काही म्हणता काही कळत नाही.