मठातला वाटाणा आणि क्रेमलिनचा गहू

सेमिनरीतील आमचे एक अध्यापक ग्रेगोर मेंडेल यांचा उल्लेख नेहमी ‘आपले मेंडेल’ असा करीत. ऑगस्टिनियन संघाच्या या धर्मगुरूने ब्रनो येथील मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणा लावला, उंच वेलींचा बुटक्या वेलींशी संकर केला आणि आलेले प्रत्येक रोप मोजले. पहिली पिढी सारी उंच निघाली. दुसऱ्या पिढीत मात्र ७८७ उंच आणि २७७ बुटकी, म्हणजे साधारणपणे तिनास एक. बुटकेपणा मधल्या पिढीत दडून राहिला होता, नष्ट झाला नव्हता. हे निष्कर्ष त्यांनी १८६५ साली वाचले, १८६६ साली ते छापले गेले आणि १९०० सालापर्यंत जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. एवढी कथा आम्हांला ठाऊक होती. पुढे याच वाटाण्यांची बाजू घेणारी माणसे रशियात देशोधडीला लागली, हे आम्ही फार उशिरा वाचले.

सोव्हिएत रशियात शेतीचे सक्तीने सामूहिकीकरण झाले आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. राज्यकर्त्यांना भरघोस पीक हवे होते, तेही ताबडतोब. त्रोफिम लिसेन्को या शेतकऱ्याच्या मुलाने ते देऊ केले. बियाणे भिजवून थंडीत ठेवले की हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, हे त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु हा पालट पुढच्या पिढीतही उतरतो, असा त्याचा दावा होता, आणि त्याला पुरावा नव्हता. परिस्थिती पालटली की नवा मानव घडेल, असे मानणाऱ्या पक्षाला मात्र तो दावा मनापासून आवडला. मेंडेलचा वाटाणा कोणाच्या हुकमाने वाकत नव्हता. त्यात तो एका मठवाशाचा! तिकडे हिटलरच्या जर्मनीने १९३३ साली आनुवंशिकतेच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यामुळे त्या शास्त्राविषयी संशय पसरवणे सोपे झाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

निकोलाय वाविलोव्ह यांनी खंडोखंडी हिंडून धान्यांचे वाण जमवले होते. लेनिनग्राडची त्यांची संस्था म्हणजे बियाण्यांचे जगातील मोठे कोठारच. भूक कायमची मिटवावी, हाच त्यांचा ध्यास. आरंभी त्यांनीच लिसेन्कोला उत्तेजन दिले, ही दैवाची क्रूर थट्टा. मेंडेलच्या बाजूने ते ठाम उभे राहिले, तेव्हा १९४० च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. हेरगिरीचे व घातपाताचे खोटे आरोप, मृत्युदंड, मग तो बदलून वीस वर्षांची कैद. १९४३ च्या जानेवारीत साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी बियाण्यांची राखण करीत होते. त्यांपैकी काहीजण भुकेने मेले. तांदळाचा अभ्यासक तांदळाच्या पाकिटांमध्ये मेला. पेरणीसाठी राखलेले बी कोणी खाल्ले नाही.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या कृषी अकादमीत अखेरचा घाव पडला. आपला अहवाल पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तपासून संमत केला आहे, असे लिसेन्कोने जाहीर केले. वादच संपला! काही शास्त्रज्ञांनी तिथल्या तिथे उभे राहून आपली मते मागे घेतली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

ती मागे घेतलेली मते वाचताना आम्हांला १६३३ सालचा, गुडघे टेकलेला गॅलिलिओ आठवतो. ख्रिस्तसभेकडून त्या प्रकरणात चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली उघड मान्य केले. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवताना आमचा हात थोडा थरथरतो. ‘आपले मेंडेल’ म्हणताना ‘आपला गॅलिलिओ’ असे आमचे अध्यापक कधी म्हणाले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

वाविलोव्ह यांना १९५५ साली मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आले. १९६५ साली लिसेन्कोकडून आनुवंशिकी संस्थेचे प्रमुखपद काढून घेतले गेले आणि त्याच वर्षी मेंडेलच्या शोधाची शताब्दी साजरी करण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ ब्रनोला जमले. मठात मेंडेलचे संग्रहालय उघडले. मठवासी मात्र तेथे नव्हते. कम्युनिस्ट सरकारने १९५० सालीच त्यांना बाहेर काढले होते. त्यांना परतायला १९८९ नंतरचा काळ उजाडावा लागला.