डालड्याचा डबा आणि नाचणी

परवा कर्जतच्या दुकानात एक बाई पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घाबरल्या. मला आमच्या घरचा डालड्याचा डबा आठवला.

१९३७ साली डालडा तुपाची जागा घ्यायला आला. तेल घट्ट करताना होणारे ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणणारा नियम लागू व्हायला २०२२ उजाडलं! तोवर कर्जत-खालापूरच्या वरकस जमिनीवर ठाकर नाचणी-वरी पिकवतच होते. आपण मात्र गरिबाचं खाणं म्हणून नाकं मुरडली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष केलं, आणि तीच नाचणी महागड्या बिस्किटांत आली.

कंपन्यांची धास्ती सोडा. नाचणीची भाकरी करा, पहिल्या पावसात आदिवासी बायकांकडून टाकळा-शेवळं घ्या. फक्त वरकस जमिनी फार्महाऊसला जातायत, तिकडे लक्ष ठेवा. जमीन गेली की पाकीटच उरेल.