थुकरटवाडीत सैराट

२०१६ साली आमच्या कुरवंड्याच्या घरात सैराट दोनदा आला. आधी टिंगलीतून आला, मग सिनेमा म्हणून.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पुण्याहून लोणावळा लोकल, तिथून मिळेल त्या गाडीने गाव. सोमवारी रात्री साडेनऊला घरी पोचलेलं असणं हा नियम, कारण 'चला हवा येऊ द्या'. आजी, काका-काकू, आई-बाबा, सगळे एका खोलीत. एक जागा मात्र वर्षभरापासून रिकामी होती. काकांच्या थोरल्या मुलीने, आमच्या ताईने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये हा कार्यक्रम झी मराठीवर सुरू झाला. लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन निलेश साबळेंचं. गाव थुकरटवाडी. गावकरी म्हणजे भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे. नव्या सिनेमाची टीम जाहिरातीला यायची, सोफ्यावर बसायची आणि तिच्यासमोरच सिनेमांची खिल्ली उडायची.

सिनेमाची टर उडवणारे कार्यक्रम जगात आधीही होते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका स्थानिक वाहिनीवर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. त्यात एक माणूस आणि त्याचे रोबो जुने, पडेल सिनेमे बघत शेरे मारतात. ज्यांचा सिनेमा, ते तिथे नसतात. थुकरटवाडीत ते समोर बसून हसतात. म्हणजे ही परवानगी घेऊन केलेली टिंगल. सैराट तर झी स्टुडिओजचाच. टिंगल आणि जाहिरात एकाच घरची.

तरी मला ही पद्धत टीव्हीपेक्षा जुनी वाटते. तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग. गवळणीत खुद्द कृष्णाची थट्टा होते आणि लुगडं नेसलेला पुरुष मावशी होऊन भाव खाऊन जातो. साडीतले भाऊ कदम त्या मावशीच्याच घराण्यातले. यातला एक मोठा सोंगाड्या आमच्या मावळातला, तळेगावजवळच्या इंदुरीचा. दादू इंदुरीकर. 'गाढवाचं लग्न' या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार आजी अजून आठवते.

त्या वगाची गोष्ट आठवा. कुंभाराच्या गाढवाला राजाची मुलगी हवी. न जुळणारं लग्न, म्हणून हसू. पण ते गाढव शापित गंधर्व असतं. शेवटी वरच्याच कुळातलं निघतं, म्हणून प्रेक्षक हसत घरी जातात.

सैराटची गोष्टही न जुळणाऱ्या लग्नाचीच. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या नागराज मंजुळेंच्या या सिनेमात आर्ची पाटलांची आणि परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. पण परश्या गंधर्व निघत नाही. माणूसच राहतो.

त्या हंगामात सैराटची टीम थुकरटवाडीत आली. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर, दोघंही नवखे, मोठ्या लोकांत बसल्यासारखे लाजत होते. आमची अख्खी खोली हसत होती. काकाही हसले. डोळे पुसत हसले. ताई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. माझा हा आवडता भाग आहे तो त्या हसण्यामुळे. पळून जाणाऱ्या पोरापोरीवर आमच्या घरात पहिल्यांदा सगळे एकत्र हसत होते, आणि चिडलेलं कुणीच नव्हतं.

पुढे टीव्हीवर पूर्ण सिनेमा लागला. काका बसले. झिंगाटला मान हलवली. हैदराबादचा भाग आला तसे गप्प झाले. शेवटी रक्ताच्या पावलांनी ते लेकरू चालत जातं तेव्हा कुणी टीव्ही बंद करायलाही उठलं नाही. जाहिराती सुरू झाल्या. आजी एवढंच म्हणाली, "आपली पोर कुठं असंल रं?"

थट्टा शेवटापर्यंत पोचू शकत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सोफ्यावर पाहुणे बसवून जातीवरच्या खुनाचं स्किट होत नाही. होऊही नये. पण दार किलकिलं केलं ते थट्टेनेच. सरळ सैराट लावला असता तर काका पहिल्या गाण्याआधीच गोठ्याकडे गेले असते. आर्ची-परश्या आधी थुकरटवाडीतून पाहुणे म्हणून आले, म्हणून त्यांना बसायला जागा मिळाली.

पुढच्या रविवारी मी निघताना काका गाडीपर्यंत आले. तांदळाची पिशवी हातात दिली.

"पिंपरीला उतरतोस ना?"

मी हो म्हणालो. ताई पिंपरीला राहते हे त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

ताई घरी यायला आणखी दोन वर्षं गेली. त्याचं श्रेय मी कुठल्या कार्यक्रमाला देणार नाही. तांदूळ मात्र दर महिन्याला जात राहिला.