‘समाजस्वास्थ्य’चा खटला आणि समलिंगी संबंधांचा प्रश्न

समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांना न्यायालयात उभे राहावे लागले. महर्षी कर्वे यांचे हे चिरंजीव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी सुटली आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले.

मासिकाकडे वाचकांची खासगी पत्रे येत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा घरात उच्चारता न येणाऱ्या विषयांवर कर्वे सरळ भाषेत उत्तरे देत. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झालाच होता. या वेळी आरोपाचे कारण ही उत्तरे होती.

कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. गोलमेज परिषदांमुळे देशभर पोहोचलेल्या नेत्याला या खटल्यातून लोकप्रियता मिळण्याची शक्यता नव्हती. उलट टीकाच व्हायची. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, वाचक विचारतात त्याला उत्तर का देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. खटला हरला. दंड २०० रुपये.

त्या काळी प्रगत म्हणविणारे देशही वेगळे नव्हते. एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशान्वये ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचे कारण ठरले आणि हजारो समलिंगी कर्मचारी त्यात भरडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्वे निवर्तले.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ नुसार या संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नाटककार अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हाही हे कलम लागूच होते. प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.