दोन वर्षांची शेतकी शाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यास शेतकी कॉलेज निघाले. पण शिक्षण इंग्रजीतून. पदवी घेतलेला मुलगा नांगराकडे परतेल की सरकारी चाकरीकडे वळेल, हाच पेच होता. म्हणून मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी देशी भाषांतून शिकवणाऱ्या, दोन वर्षांच्या शेतकी शाळा निघाल्या. पुण्याजवळील लोणीच्या शाळेवरून हा नमुना ओळखला गेला. 1928 च्या रॉयल शेतकी कमिशननेही त्याची दखल घेतली. 1968 नंतर राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या पदविकेने तोच धागा पुढे नेला.

आता आपल्या तळोद्याचा विचार करू. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल-पावरा मुलांच्या घरची बोली निराळी. त्यांना पुस्तकी मराठीही परकीच. लोणीचा धडा पुरा करावयाचा, तर गुरुजींनी आधी त्यांच्या बांधावर जाऊन ती बोली ऐकली पाहिजे.