वजनकाट्याभोवतीची माणसे

लठ्ठपणावरच्या गटोपचाराचे मूळ शोधत मागे गेले, की आपण वजन वाढवण्यासाठी धडपडणाऱ्या माणसांपाशी पोचतो. १९०५ साली बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च या माणसांना झेपणारा नव्हता आणि क्षयावर गुणकारी औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि भरपूर आहार एवढाच इलाज, आणि तोही दाटीवाटीच्या घरांत राहून करायचा. पैशांची सोय इमॅन्युएल चर्चने केली. रोग्याने रोज वहीत ताप, आहार आणि विश्रांती यांची नोंद ठेवायची, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचे, वह्या दाखवायच्या, काट्यावर उभे राहायचे आणि कोणाचे वजन किती वाढले ते फळ्यावर लिहायचे. सुधारलेले रोगी नव्यांना आपला अनुभव सांगत. एकच सूचना वीस-पंचवीस जणांना एकदम देता यावी, असा प्रॅट यांचा मूळचा साधा हिशेब होता. पुढे त्यांनाच दिसून आले की एकाच दुखण्याने एकत्र आणलेल्या माणसांत जो जिव्हाळा तयार होतो, तोही उपचाराचाच भाग आहे.

वही, काटा, ठरलेल्या दिवशीची भेट आणि त्याच वाटेने पुढे गेलेला सोबती: वजन उतरवण्याच्या आजच्या बहुतेक गटांची ही सारी सामग्री त्या वर्गात होती. तरीही लठ्ठपणाच्या उपचारात वैद्यकाने ती पुढची अनेक दशके फारशी वापरली नाही. ती आधी गृहिणींनी उचलली, मग बाजाराने, आणि अखेर प्राथमिक आरोग्यसेवेला ती बाजाराकडून विकत घ्यावी लागली. या उशिराचे कारण माझ्या मते एका चुकीच्या समजुतीत आहे. लठ्ठ माणसाला माहिती कमी पडते, ती दिली की तो सुधारेल, असे दवाखान्याने धरून ठेवले होते.

ही समजूत किती पोकळ होती, हे वैद्यकाच्याच नोंदींनी दाखवून दिले. १९५९ साली ॲल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या एका पोषण दवाखान्यातल्या शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या फक्त बारा जणांचे वजन वीस पौंडांनी, म्हणजे सुमारे नऊ किलोंनी उतरले होते, आणि दोन वर्षांनंतर ती घट टिकवणारे अवघे दोघे उरले होते. आहाराचा तक्ता सगळ्यांनाच मिळालेला होता. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई असताना, कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकी गृहिणींवर एक प्रयोग केला होता. काळीज, मूत्रपिंड असे न आवडणारे भाग रांधायला त्यांना प्रवृत्त करायचे होते. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. काही गटांत बायकांनी आपापसांत अडचणी बोलायच्या आणि शेवटी हात वर करून निर्णय सांगायचा. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी घरी तसा पदार्थ केला, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. खाण्याच्या सवयी कशा बदलतात याचा इतका बोलका पुरावा हाताशी असूनही दवाखान्यात तक्तेच वाटले जात राहिले.

गृहिणींनी मात्र या संशोधनाची वाट पाहिली नाही. एस्थर मँझ यांना गरोदर स्त्रियांच्या वर्गात एकमेकींचा आधार काय करतो ते दिसले होते. १९४८ साली मिलवॉकी शहरात त्यांनी मोजक्या मैत्रिणींना घेऊन ‘टॉप्स’ हा ना-नफा मंडळांचा पसारा उभा केला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नाइडेच यांची कहाणी तर माझ्या मुद्द्याचा गाभाच सांगते. १९६१ साली २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो, वजन असताना त्या शहराच्या आरोग्य मंडळाच्या लठ्ठपणा दवाखान्यात गेल्या. तिथला आहार डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला, विचारपूर्वक बांधलेला होता. त्याने वजन उतरतही होते. पण आपण चोरून बिस्किटे खातो, हे दवाखान्यातल्या बाईंना सांगण्याचे धाडस त्यांना झाले नाही. ते त्यांनी घरी बोलावलेल्या सहा मैत्रिणींना सांगितले आणि त्या मैत्रिणींनी आपापल्या लपवाछपव्या सांगितल्या. आहार सरकारी दवाखान्याचाच राहिला. बदलली ती ऐकणारी माणसे. वर्षभरात नाइडेच यांचे वजन १४२ पौंडांवर आले. १९६३ मध्ये अल आणि फेलिस लिपर्ट या दांपत्याच्या साथीने ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी निघाली आणि १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ती सुमारे सात कोटी डॉलरना घेतली. सार्वजनिक दवाखान्यातला आहार आणि शेजारणींचा विश्वास यांच्या जोडणीतून तयार झालेली गोष्ट अशी शुल्क भरून मिळू लागली. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्या वाट्याला पुन्हा तक्ताच आला, आणि ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

गटाचे गुणगान करताना त्याची काळी बाजू झाकता येत नाही. टॉप्सच्या सुरुवातीच्या काळात वजन वाढवून आलेल्या सभासदाची डुकराच्या चित्रांनी आणि गाण्यांनी चेष्टा करण्याची प्रथा होती. चारचौघांत काट्यावर चढणे हाच अनेकांना अपमान वाटतो, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर दारूच्या व्यसनावरच्या कामातून आले. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबरच्या चर्चेतून घडलेली एक पद्धत १९८३ साली लेखात मांडली; १९९१ मध्ये स्टीफन रॉलनिक यांच्यासह तिचे पुस्तक केले. माणूस बदलाबद्दल द्विधा मनात असतो. समुपदेशकाने बदलाची बाजू हिरिरीने लढवली, तर समोरचा उरलेली बाजू, म्हणजे न बदलण्याची, लढवू लागतो. म्हणून कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यायची, त्याला धाक घालायचा नाही. गटात हे अधिक अवघड असते, कारण सल्ला द्यायला प्रत्येकजण उत्सुक असतो आणि प्रत्येकाची तयारी वेगळ्या टप्प्यावर असते. गट चालवणाऱ्याचे कसब इथेच लागते, आणि नेमके तेच कसब शिकवण्यावर आरोग्यव्यवस्था सर्वांत कमी खर्च करते.

एकविसाव्या शतकात प्राथमिक सेवा या वाटेकडे वळली. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात ३,२३४ लोक होते. २००२ साली त्याचा निष्कर्ष आला: आहार, चालणे आणि सातत्याचे मार्गदर्शन यांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. ते मार्गदर्शन एकेकट्याला दिलेले आणि महागडे होते. इंडियानापोलिसच्या वायएमसीए या सामाजिक संस्थेत तेच धडे गटात देऊन पाहिले, तेव्हा काही महिन्यांत वजन सरासरी ६ टक्के उतरले. ब्रिटनच्या बर्मिंगहॅममध्ये ७४० लोकांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या एकास एक सल्ल्यापेक्षा व्यापारी गट सरस ठरले आणि स्वस्तही पडले. मात्र त्याच चाचणीत आरोग्यसेवेचा स्वतःचा गट वेट वॉचर्सच्या मागे राहिला. म्हणजे माणसे एका खोलीत बसवली की काम झाले, असे नाही. आठवड्यामागून आठवडे पुन्हा यावेसे वाटणे महत्त्वाचे. २०१७ साली १,२६७ जणांवरच्या दुसऱ्या चाचणीने ते आकड्यांत दाखवले. वर्षाअखेर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांचे वजन ३.२६ किलो उतरले, १२ आठवडे गटात गेलेल्यांचे ४.७५, तर ५२ आठवडे गेलेल्यांचे ६.७६.

मग डॉक्टरचे काम काय उरते? दार उघडून देण्याचे, आणि ते लहान नाही. पॉल ॲव्हियार्ड या संशोधकांच्या २०१६ मधल्या अभ्यासात डॉक्टरांनी दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या रुग्णाला अर्ध्या मिनिटात गटाबद्दल सांगितले आणि तिथेच नाव नोंदवून दिले. ७७ टक्के रुग्णांनी होकार दिला, ४० टक्के प्रत्यक्ष गेले. वजनाचा विषय काढला तर माणूस दुखावेल, ही डॉक्टरांना वाटणारी भीती फोल ठरली. तसे वाटलेले रुग्ण एक टक्काही नव्हते.

सर्वांत जोरदार आक्षेप दोन. पहिला, उतरलेले वजन परत चढते. खरे आहे, आणि चार-पाच किलोंची घट लठ्ठपणा संपवत नाही हेही खरे. पण रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब चढला म्हणून आपण गोळीला निरुपयोगी म्हणत नाही. बारा आठवड्यांत गट बंद करून त्यालाच दोष देणे अन्यायाचे आहे. दुसरा आक्षेप वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरले; कोणत्याही गटाला हे साधलेले नाही. वेट वॉचर्सनेही मे २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना दर चार आठवड्यांनी समुपदेशनही मिळत होते, आणि औषध व समुपदेशन दोन्ही थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परतला. औषध भूक कमी करते. ते परवडेनासे झाले तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो ज्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलता येईल अशी माणसे तेव्हाही लागतात.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे आहेत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १,००७ जणांवर झालेल्या प्रयोगात गावातल्याच साथी-कार्यकर्त्यांनी गट चालवले. दोन वर्षांत मधुमेह लक्षणीय घटला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र खाण्यात फळे-भाज्या वाढल्या आणि दारू कमी झाली. एवढ्यावर गट मोडीत काढणे घाईचे होईल. महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासूनच्या कामात महिला मंडळांचाही आधार घेत गावाचे आरोग्य बदलले. बचत गटांच्या बैठका गावोगाव आजही होतात, आशाताई तिथे ओळखीच्या असतात. आरोग्य खात्याने नवी मोहीम, नवे फलक काढण्याआधी प्रत्येक उपकेंद्रात एक काटा, एक ठरलेला वार आणि ऐकून घ्यायला शिकलेली एक आशाताई, एवढी सोय निदान सलग वर्षभर करावी, आणि वजन करताना पडदा ओढावा.